क्लोराईड आत येतं की बाहेर जातं? चेतापेशीतल्या एका दाराबद्दल

गोदाकाठचे_मास्तर | शनिवार, रात्री ९.४०

नाशिकमध्ये एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. गेल्या मंगळवारी बारावीच्या वर्गात चेतासंस्था चालू होती. फळ्यावर पेशीचं पटल काढलं, पटलात एक दार काढलं, बाहेरून आत जाणारा बाण काढून त्यावर 'क्लोराईड' लिहिलं. खाली दरवर्षीचं वाक्य: क्लोराईड आत आलं की पेशी शांत होते. मुलं उतरवून घेत होती. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची, निफाडहून एसटीने येणारी मुलगी उभी राहिली. "सर, नाकातल्या पेशीत क्लोराईड बाहेर जातं आणि पेशी उत्तेजित होते, असं मी वाचलं. मग हा बाण कुठल्या पेशीचा?"

"उद्या सांगतो," म्हणालो. मग चार रात्री वाचत बसलो. हाती लागलं ते इथे मांडतो. इथे शरीरक्रियाशास्त्रातली मंडळी आहेत, कुठे चुकलं तर धरतील.

चेतापेशीच्या पटलात क्लोराईडची दारं अनेक प्रकारची असतात. आपल्याला पाठ असतं ते गाबाचं दार, बाहेरून गाबा हा मेंदूतला निरोप्या रेणू येऊन बसला की उघडणारं. मी लिहितोय ते वेगळं आहे. त्याची किल्ली पेशीच्या आतल्या बाजूने लागते, आणि ती किल्ली म्हणजे कॅल्शियम. पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियम लिटरमागे एक-दोन मिलीमोल असतं. आत मोकळं फिरणारं कॅल्शियम त्याच्या दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. पेशी अखंड उपसा करून ते बाहेर काढत असते किंवा आतल्या कोठारांत भरत असते. म्हणून थोडंसं कॅल्शियम सुटलं तरी पेशीला ते लगेच कळतं. ते या दाराला आतून चिकटतं, दार उघडतं, आणि जो विद्युतप्रवाह वाहतो त्याला कॅल्शियमने चालू होणारा क्लोराईड प्रवाह म्हणतात.

आता दार उघडल्यावर क्लोराईड जाईल कुठे? इथेच माझा बाण अडला.

क्लोराईडवर दोन ओढी असतात. बाहेर त्याची गर्दी जास्त, म्हणून ते आत ढकललं जातं. पण पेशीची आतली बाजू ऋण असते आणि क्लोराईडही ऋण, म्हणून वीज त्याला बाहेर ढकलते. या दोन ओढी ज्या विभवाला, म्हणजे पटलाच्या आत-बाहेरच्या विद्युत दाबातल्या ज्या फरकाला, बरोबर तुल्यबळ होतात तो विभव काढायला नर्न्स्टचं सूत्र आहे. शरीराच्या तापमानाला क्लोराईडसाठी ते असं: ६१.५ गुणिले लॉग, आणि लॉगच्या आत 'आतलं क्लोराईड भागिले बाहेरचं'. उत्तर मिलीव्होल्टमध्ये.

समजा बाहेर ११० मिलीमोल आहे आणि आत ७. उत्तर येतं उणे ७४. पेशी विश्रांतीत उणे ६५ वर बसली असेल, तर दार उघडल्यावर ती उणे ७४ कडे ओढली जाईल. क्लोराईड आत येईल, पेशी शांत. माझा बाण बरोबर.

आता बाहेर तेच ११०, पण आत ३०. उत्तर उणे ३५. तेच दार उघडलं तर पेशी उणे ६५ वरून उणे ३५ कडे निघते, आणि वाटेत उणे ५० च्या आसपास सोडियमची दारं तिची वाटच पाहत असतात; ती उघडली की पेशी संदेश सोडते. क्लोराईड बाहेर जातं आणि पेशी उत्तेजित होते. दाराला आपण हातही लावला नाही, फक्त आतला साठा वाढवला.

हा साठा पटलातली दुसरी प्रथिनं ठरवतात. एनकेसीसी-१ नावाचं प्रथिन एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराईड असा जथ्था आत आणतं. केसीसी-२ पोटॅशियमबरोबर क्लोराईड बाहेर नेतं. प्रौढ मेंदूतल्या बहुतेक पेशींत केसीसी-२ भरपूर, म्हणून आत क्लोराईड कमी. नाकातल्या गंधपेशी आणि पाठीच्या कण्याशेजारच्या गाठींमधल्या संवेदी चेतापेशी यांच्यात एनकेसीसी-१ चं चालतं, म्हणून आत क्लोराईड भरलेलं.

नाकातला प्रकार मला सगळ्यात सुंदर वाटला. जूनचा पहिला पाऊस पंचवटीत पडला की मृद्गंध येतो. त्यातला जिओस्मिन हा रेणू मातीतले जिवाणू तयार करतात. असा कुठलाही गंधरेणू नाकातल्या गंधपेशीच्या केसासारख्या तंतूवरच्या ग्राहीवर बसतो. आत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो. त्याने एक दार उघडतं आणि सोडियम व कॅल्शियम आत येतात. एवढ्यावर भागलं असतं असं आपल्याला वाटेल, पण ते आलेलं कॅल्शियम दुसरं दार उघडतं, क्लोराईडचं. आत साठवून ठेवलेलं क्लोराईड धडाधड बाहेर पडतं. उंदरांच्या गंधपेशींत वासामुळे निर्माण होणाऱ्या प्रवाहाचा मोठा वाटा, काही मोजमापांत ८० टक्क्यांच्या वर, या क्लोराईडचा निघाला. ज्याला मी फळ्यावर शांत करणारा म्हणत आलो, त्याच्याच जोरावर वासाचा संदेश मेंदूकडे निघतो.

आज वर्गात हे सांगितलं आणि गृहपाठ दिला: आत ५५ मिलीमोल असेल तर विभव किती? दार उघडल्यावर पेशीचं काय होईल? इथल्या मंडळींनीही करून पाहावा.


सातपूरकर | शनिवार, रात्री १०.१५

मास्तर, धागा वाचनखुणेत टाकला. मी विजेचा माणूस, एमआयडीसीत पॅनेल बसवतो, त्यामुळे एका ठिकाणी अडकलो. क्लोराईड बाहेर जातं म्हणता, मग प्रवाह बाहेर की आत? आमच्याकडे प्रवाहाची दिशा धन प्रभाराची धरतात.


चेतातंतू | शनिवार, रात्री १०.५०

सातपूरकर, दिशा धन प्रभाराचीच धरायची. म्हणून ऋण क्लोराईड बाहेर गेलं की त्याला 'आतला प्रवाह' म्हणतात, आणि आलेखात तो खाली काढतात. या विषयात पहिल्यांदा शिरणारे बरेच जण इथेच घसरतात. शोधनिबंधात 'आतला क्लोराईड प्रवाह' वाचलं की लोकांना क्लोराईड आत आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात उलट असतं.

मास्तर, मी काही वर्षं याच प्रवाहांची मोजमापं केली आहेत. उद्या सवडीने लिहितो.


काळा_रस्सा | रविवार, सकाळी ८.०५

रविवार सकाळ आणि नाशिक, त्यामुळे मिसळीशिवाय पुढे जाता येणार नाही. माझा छोटासा प्रयोग सांगतो.

घरी काल रस्सा केला होता. काल रात्री उकळता वाटीत घेतला, पाव न बुडवता चमचाभर तोंडात टाकला. डोक्यातून घाम. आज सकाळी तोच रस्सा फ्रिजबाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणला आणि तोच चमचाभर घेतला. तिखट लागलाच, पण उशिराने, आणि घशाकडे जास्त. मसाला तोच, मिरची तीच. तिखट म्हणजे चव नव्हे, वेदनेच्या चेतांचा संदेश, एवढं माहीत होतं. या संवेदी चेतांत मास्तरांचं क्लोराईडचं दारही असतं का?


गोदाकाठचे_मास्तर | रविवार, सकाळी ९.३०

असतं, आणि भलतं मजेशीर काम करतं. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या दारावर बसतं त्याचं नाव टीआरपीव्ही-१. हेच दार ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही उघडतं. ते उघडलं की कॅल्शियम आत येतं. त्याच्या अगदी शेजारी, त्याला खेटून, क्लोराईडचं दार असतं, नाव अ‍ॅनो-१. आलेलं कॅल्शियम ते उघडतं आणि संवेदी पेशीत साठलेलं क्लोराईड बाहेर पडून वेदनेचा संदेश आणखी मोठा करतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या पेशींत ही जोडी दाखवली. अ‍ॅनो-१ बंद करणारं द्रव्य दिल्यावर कॅप्सायसिनने होणाऱ्या वेदनेची लक्षणं उंदरांत कमी झाली.

त्याच्या आधी, २०१२ मध्ये, दक्षिण कोरियातल्या गटाने दाखवलं होतं की अ‍ॅनो-१ स्वतःही ४४ अंशांच्या वर उष्णतेने चालू होतं. म्हणजे उकळत्या रश्श्याने दोन्ही दारं एकदमच ठोठावली जातात. तुमच्या वाटीतला फरक मला यातच दिसतो.


चेतातंतू | रविवार, दुपारी १२.२०

मास्तर, इथे मी थांबवतो. वाटीतल्या प्रयोगावरून अ‍ॅनो-१ चं नाव घेता येणार नाही. उष्णता आणि कॅप्सायसिन एकत्र आल्यावर टीआरपीव्ही-१ एकटंसुद्धा जास्त उघडतं. गरम रश्श्यात तेल पातळ होऊन जिभेवर पसरतं, तेही वेगळं. शिवाय जिभेच्या वेदना-चेता चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल गाठीतून येतात आणि तुम्ही सांगितलेले प्रयोग मुख्यतः कण्याशेजारच्या गाठींतल्या पेशींवरचे आहेत. पेशी एकाच जातकुळीच्या, पण एकच नव्हेत. निष्कर्ष जिभेने काढू नये, एवढंच.

आता काल कबूल केलेलं. हा प्रवाह पकडतात कसा?

काचेची नळी तापवून ओढली की टोक एक मायक्रोमीटरच्या आसपासचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक पेशीवर अलगद टेकवायचं आणि नळीला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने हलकेच ओढायचं. पटल काचेला चिकटलं की पडद्यावरची थरथरणारी रेष एकदम सपाट होते, कारण रोध अब्जावधी ओहमवर गेलेला असतो. ती रेष सपाट झालेली पाहताना दर वेळी श्वास रोखला जायचा. या पद्धतीसाठी नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं.

मग नळीत पोटॅशियमऐवजी सीझियम भरायचं, म्हणजे पोटॅशियमचे प्रवाह गप्प बसतात. पेशीचं विभव क्षणभर वर न्यायचं, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत जातं. विभव परत खाली आणलं की कॅल्शियमचा प्रवाह झटकन बंद होतो. पण रेष लगेच मूळ जागी येत नाही. एक लांब शेपूट राहते, शेकडो मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त, आणि हळूहळू विझते. ती शेपूट म्हणजेच हा क्लोराईड प्रवाह. आत अडकलेलं कॅल्शियम उपसून होईपर्यंत दार उघडंच राहतं.

तो खरंच तोच आहे याची खात्री तीन अंगांनी करायची. बाहेरच्या द्रवात कॅल्शियमऐवजी बेरियम टाकलं तर बेरियम कॅल्शियमच्या दारातून आत येतं, पण क्लोराईडचं दार त्याने नीट उघडत नाही, शेपूट जाते. नळीत कॅल्शियम शोषून घेणारं बीएपीटीए टाकलं तरी शेपूट जाते. आणि क्लोराईडचं प्रमाण बदललं की शेपूट ज्या विभवाला उलटी होते तो विभव नर्न्स्टच्या सूत्राप्रमाणे सरकतो. तिन्ही जुळल्याशिवाय आमचे मार्गदर्शक आलेखाकडे बघायचेही नाहीत.

पण मास्तरांच्या विषयाला अगदी लागून एक अडचण आहे. नळी पेशीत उघडली की काही क्षणांत नळीतला द्रव पेशीत भरतो. म्हणजे आतलं क्लोराईड आता आपण ठरवलेलं, पेशीचं स्वतःचं नव्हे. प्रवाह मोजला जातो, पण खऱ्या पेशीत तो कुठल्या दिशेने वाहिला असता हे सांगता येत नाही. उपाय म्हणून नळीत ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक टाकतात. ते पटलात बारीक भोकं पाडतं, त्यातून सोडियम-पोटॅशियम जातात पण क्लोराईड जात नाही. पेशीचा साठा जसाच्या तसा राहतो. वेळखाऊ काम असतं. भोकं पुरेशी पडेपर्यंत कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं आणि तोवर निम्म्या पेशी हातच्या जातात. तरी दिशेबद्दल बोलायचं असेल तर मी अशाच प्रयोगांवर जास्त भरवसा ठेवतो.


सातपूरकर | रविवार, दुपारी १.१०

म्हणजे मीटर लावताच आतली बॅटरीच बदलते. कळलं. या दाराचं प्रथिन सापडलं कधी?


चेतातंतू | रविवार, दुपारी ३.००

प्रवाह आधी सापडला, प्रथिन फार नंतर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या दृष्टिपटलात आणि झेनोपस बेडकाच्या अंड्यात हा प्रवाह दिसला. पाठोपाठ उंदरांच्या मज्जारज्जूतल्या आणि संवेदी चेतापेशींत. प्रथिन मात्र २००८ पर्यंत हुलकावणी देत राहिलं. त्या वर्षी इटलीतल्या जेनोवाचा, सोलचा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा, असे तीन गट स्वतंत्रपणे एकाच प्रथिनावर पोहोचले: टीएमईएम-१६-ए, म्हणजेच अ‍ॅनो-१.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिली जान आणि यूह-नुंग जान यांच्या गटाची युक्ती मला फार आवडते. बेडकाच्या अंड्यात हे दार असतंच, कारण ते त्याचं कुंपण आहे. पहिला शुक्राणू शिरला की कॅल्शियम वाढतं, दार उघडतं, आणि तळ्याच्या गोड्या पाण्यात क्लोराईड जवळपास नसल्याने ते भसकन बाहेर पडतं. अंड्याचं विभव वर जातं आणि दुसऱ्या शुक्राणूला प्रवेश मिळत नाही. आता ज्या अंड्यात एकाहून जास्त शुक्राणू चालतात त्याला हे कुंपण लागणार नाही. अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडरच्या जातीतला तसा प्राणी. त्यांनी अ‍ॅक्सोलॉटलची कोरी अंडी घेतली, त्यात बेडकाच्या अंड्यातला आरएनए भागाभागांनी टोचत गेले आणि कुठल्या भागाने प्रवाह उगवतो ते शोधलं. अशा शोधाला बुद्धीइतकीच चिकाटी लागते.

अ‍ॅनोक्टामिन हे नाव अ‍ॅनायन आणि ऑक्टा यांवरून आलं. प्रथिन पटलातून आठ वेळा आरपार जातं असा तेव्हा अंदाज होता. २०१४ मध्ये झुरिचमधून याच घराण्यातल्या बुरशीच्या प्रथिनाची रचना आली तेव्हा ते दहा वेळा जातं असं दिसलं. नाव राहिलं ते राहिलं. कुटुंबात दहा सदस्य आहेत आणि सगळे क्लोराईडची दारं नाहीत. काही तर पटलातले मेदच उलटसुलट करतात.


तपोवनातली | रविवार, रात्री ९.१५

मी विज्ञानाची नाही, पण धागा दोनदा वाचला. २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा माझा वास गेला. सकाळी चहाला गवती चहा टाकायचे आणि नुसतं गरम पाणी पितेय असं वाटायचं. सात महिन्यांनी हळूहळू आला, पण कांदा परतताना आजही जळकट काहीतरी वेगळंच येतं. ही क्लोराईडची दारं बिघडली असतील का? औषध असेल तर सांगा.


आडगावचा_डॉक्टर | रविवार, रात्री १०.०५

ताई, कोविडमध्ये वास जाण्याचं मुख्य कारण हे दार नव्हे. विषाणूला पेशीत शिरायला जो एसीई-२ ग्राही लागतो तो गंधपेशींवर नसून त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर असतो. त्या आधारपेशी मरतात, गंधपेशींचं घर मोडतं, आणि गंधपेशीही आपले ग्राही कमी बनवू लागतात. गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, म्हणून बहुतेकांचा वास परत येतो. पण नवे तंतू मेंदूकडे परत जुळताना वास वेगळे जाणवू शकतात, तुमच्या कांद्यासारखे. यावर क्लोराईडच्या दाराचं औषध नाही. रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे ठरावीक चार वास शांतपणे हुंगण्याचा सराव काही महिने करतात, त्याने बऱ्याच जणांना फायदा होतो. करून बघा, आणि कान-नाक-घसावाल्यांना एकदा दाखवा.

याच निमित्ताने सगळ्यांसाठी. एनकेसीसी-१ ला रोखणारं ब्युमेटॅनाईड हे जुनं लघवी वाढवणारं औषध आहे. आतलं क्लोराईड कमी केलं तर पेशी शांत होईल, असा विचार करून नवजात बाळांच्या आकडीवर त्याची युरोपात चाचणी झाली. ती लवकर थांबवावी लागली. आकडीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही आणि काही बाळांच्या ऐकण्याबद्दल काळजी वाटू लागली. औषध मेंदूत फारसं पोहोचतही नाही. धागा वाचून घरच्या लघवीच्या गोळीत कोणी फेरफार करू नये, ही हात जोडून विनंती.


तपोवनातली | रविवार, रात्री १०.२०

डॉक्टर, आभारी आहे. लवंग घरात आहे, उद्यापासून सुरू करते.


जुना_वाचक | सोमवार, सकाळी ७.३०

मास्तर, मला एक गोष्ट खटकते. वासाच्या प्रवाहात क्लोराईडचा वाटा एवढा मोठा असेल, तर ते दार काढून टाकलेल्या उंदराला वासच येऊ नये. तसं कोणी करून पाहिलं का?


गोदाकाठचे_मास्तर | सोमवार, रात्री ८.४५

पाहिलं, आणि हाच भाग वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

नाकातलं दार अ‍ॅनो-२ या भावंडाचं. २०११ मध्ये जर्मनीतल्या गटाने अ‍ॅनो-२ नसलेले उंदीर तयार केले. गंधपेशींतला क्लोराईड प्रवाह गेला, पण उंदीर वास ओळखत राहिले. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं की वासासाठी हा प्रवाह नसला तरी चालतो. नंतरच्या प्रयोगांत बारकावे दिसले. असे उंदीर ओळखीचा नसलेला वास शोधताना अडखळले. आणखी विलक्षण म्हणजे दार नसलेल्या गंधपेशी कमी नव्हे, जास्त स्पंदनं, म्हणजे मेंदूकडे जाणारे विजेचे ठोके, देत होत्या.

हे कसं? क्लोराईड बाहेर पडून पेशी इतकी वर जाते की सोडियमची दारं उघडून लगेच निष्क्रिय होतात आणि पुन्हा तयार व्हायला विभव खाली यावं लागतं. विभव वरच अडकल्याने स्पंदनांची माळ दोन-चारांतच थांबते. म्हणजे हेच दार आधी संदेश वाढवतं आणि पुढे त्याला लगाम घालतं. एकाच पेशीत, काही मिलिसेकंदांच्या अंतराने.

मग निसर्गाने ते ठेवलं कशाला, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण असं: नाकातला शेंबूड रक्तासारखा स्थिर नसतो. गोड्या पाण्यात राहणाऱ्या बेडकाच्या नाकाबाहेर सोडियम फारच कमी असू शकतं. तिथे बाहेरून येणाऱ्या सोडियमवर विसंबण्यापेक्षा आत साठवलेलं क्लोराईड भरवशाचं. ही कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

आणि मेंदूत पाहिलं तर अ‍ॅनो-२ हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी जोडलेल्या भागाच्या पेशींतही आहे. २०१२ मध्ये जान यांच्याच गटाने दाखवलं की तिथे ते लगाम आहे. स्पंदन आखूड करतं, येणाऱ्या संदेशांची बेरीज आवरतं. कारण तिथे आत क्लोराईड कमी असतं. नवजात मेंदूत केसीसी-२ अजून पुरेसं आलेलं नसतं, साठा जास्त असतो, म्हणून तिथे गाबानेही पेशी वर जाते. म्हणजे फळ्यावरचा माझा बाण प्रौढ मेंदूपुरता खरा होता आणि मी तो सगळ्या शरीराला लावत होतो.

आज वर्गात बाण पुसला. पेशी काढली, दार काढलं आणि आत-बाहेर दोन रिकाम्या चौकटी ठेवल्या. मुलांना सांगितलं, आधी चौकटीत आकडे भरा, मगच बाण काढा.


निफाडची_बारावी | सोमवार, रात्री ९.५०

सर, मीच ती तिसऱ्या बाकावरची. बाबांच्या फोनवरून खातं काढलंय. गृहपाठ केला. आत ५५, बाहेर ११०. लॉग अर्धा म्हणजे उणे ०.३०१. गुणिले ६१.५ म्हणजे उणे १८.५. पेशी उणे ६५ वर असेल तर ती वर जाईल, क्लोराईड बाहेर जाईल.

पण सर, एक विचारायचं होतं. बाहेर ११० हे रक्ताजवळच्या द्रवाचं ना? गंधपेशीचे तंतू तर शेंबडात बुडालेले असतात.


चेतातंतू | सोमवार, रात्री १०.१०

बाळा, हा प्रश्न तुझ्या आधी मास्तरांनीच नव्हे, मीही विचारायला हवा होता, कारण मी वर तीन प्रतिसाद लिहिले आणि तो आकडा कोणी तपासला नाही. उंदरांच्या नाकातल्या शेंबडात क्लोराईड ५५ मिलीमोलच्या आसपास मोजलं गेलंय, रक्तापेक्षा बरंच कमी. आता पुन्हा कर.


निफाडची_बारावी | सोमवार, रात्री १०.१४

आत ५५, बाहेर ५५. लॉग एक म्हणजे शून्य. विभव शून्य. म्हणजे दार उघडल्यावर पेशी उणे ६५ वरून थेट शून्याकडे निघेल, क्लोराईड आणखी जोरात बाहेर जाईल.


गोदाकाठचे_मास्तर | सोमवार, रात्री १०.३०

बरोबर. उद्या पहिल्या तासाला फळ्यावर तूच सोडव. बाहेरच्या चौकटीत ५५ लिही आणि का लिहिलं ते सगळ्यांना सांग.